लाँच बुडाली नव्हती

दर दिवाळीला तो व्हिडिओ परत येतो. भोर-वेल्ह्याकडच्या कुठल्या तरी ग्रुपवर कुणीतरी टाकतं, खाली हसणारी तोंडं येतात आणि दोन दिवसांनी तो गडप होतो. धरणाचं भरलेलं पाणी, त्यावर लहान मुलाएवढ्या लांबीची पांढरी-निळी लाँच, फटफट आवाज करत झकास चाललेली. मग किंचाळल्यासारखा एक आवाज येतो आणि लाँच मधल्या पाण्यात थांबते. काठावरची माणसं हसतात. एक उंच म्हातारा हातातली काळी छत्री शांतपणे मिटतो आणि पाठ फिरवून चालायला लागतो. त्याच वेळी कॅमेऱ्याच्या अगदी जवळून कुणीतरी बोलतं, "भंगारातलं इंजिन हो ते. मी आधीच म्हणलो होतो, टिकायचं नाही."

तो आवाज माझा आहे.

यंदा त्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं की लाँच बुडाली. चहाच्या दुकानात दोघेजण ते मोठ्यानं वाचत होते आणि मी शेजारीच बशी तोंडाला लावून बसलो होतो. लाँच बुडाली नव्हती. इंजिन भंगारातलं नव्हतं. आणि मी आधी काही म्हणालोही नव्हतो. छत्रीवाले गेले, ज्यांच्यासाठी लाँच केली त्याही गेल्या. खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटा उरलोय, आणि माझंही वय झालं. तेव्हा आता लिहिलेलं बरं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. आमच्याकडे तहसील कचेरीतल्या कुठल्याही कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. निवृत्त झाल्यावर इतरांचं ते गळून पडतं, यांचं अंगाला चिकटून राहिलं. नोकरी सगळी वेल्ह्याच्या कचेरीत, घर भोरला. शनिवारी सायकलवरून घरी यायचे आणि सोमवारी पहाटे सायकलवरूनच परत. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात उघडी छत्री. मी एसटीचा ड्रायव्हर, त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाडेकरू. घाटात माझी गाडी त्यांना ओलांडून जायची तेव्हा मी हॉर्न वाजवायचो आणि ते छत्री थोडी वर उचलायचे. आमची दोस्ती बरीच वर्षं एवढ्यावरच चालली होती.

गाडीत ते बसत नसत, कारण त्यांना गाडी लागे. लागे म्हणजे साधी नाही. एकदा मीच आग्रहानं त्यांना माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं, आलं-लिंबू हातात दिलं, आणि जपून गाडी काढली. पहिल्याच थांब्यावर ते उतरले. चेहरा पांढराफटक. रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "चालक, तुमचा दोष नाही. माझ्या पोटानं गाडीला मान्यता दिलेली नाही." आणि तिथून चालत घरी गेले. मला ते कायम चालकच म्हणत. एसटीच्या कागदावर ड्रायव्हरला तसंच लिहितात म्हणून.

छत्रीची गोष्ट कचेरीतली. तिथलं छप्पर गळायचं, म्हणून एका पावसाळ्यात ते टेबलाशी छत्री उघडून बसू लागले. पावसाळा सरला, छत्री तशीच. नवीन आलेले तहसीलदार म्हणाले, "भाऊसाहेब, बाहेर ऊन पडलंय." हे म्हणाले, "साहेब, छप्पर दुरुस्तीचा प्रस्ताव अजून मंजूर नाही. ऊन आहे म्हणून मी गैरसमज करून घेणार नाही." छप्पर शेवटी दुरुस्त झालं, पण तोवर सवय लागली होती. घराबाहेर पडले की छत्री उघडी. विचारलं तर सांगत, "खाली सावलीत डोकं चालतं."

घरातही ते कचेरीची भाषा बोलत. दूध नासलं तर "आजचं दूध नामंजूर." नळाला पाणी आलं तर "पाणी रुजू झालं." सुरुवातीला मला हसू यायचं, नंतर मी भाजी आणायला गेलो की माझ्याही तोंडून निघायचं, "वांगी तहकूब ठेवा."

त्यांना एक थोरली बहीण होती. धरणाच्या पाण्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या वाडीत दिलेली. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. माझी एसटी त्या वाडीच्या फाट्यावर थांबायची आणि भाऊसाहेब माझ्या हाती काही ना काही पाठवत. पाय दुखण्याचं तेल, बांगड्या, चष्म्याची दांडी. आक्का शेळी घेऊन फाट्यावर बसलेल्या असत. मला म्हणत, "डायवर, माजा भाऊ बरा हाय का? का आजून उन्हात छत्रीच धरतोय?" आणि त्याच्यासाठी कुरडयांची पिशवी गाडीत चढवत.

भाऊबीजेला मात्र ते स्वतः जात. आमच्या तरुणपणी धरणाच्या पाण्यावर लाँच चालायची. लाँचमध्ये त्यांच्या पोटाची काही हरकत नसे. कठड्याला धरून उभे राहत आणि लाँच वाडीच्या दिशेला वळली की आक्का आवाज ऐकून काठावर येत. रस्ते झाले, जीपगाड्या आल्या, लाँच बंद पडली. मग ते सायकलवरून लांबच्या वळशानं जात. मग गुडघे गेले. सपाटीवर सायकल चालत होती, चढाला नाही. भोई लोक ट्यूबवर बसून जाळी टाकतात, त्या ट्यूबवर सत्तरीतल्या माणसाला बसवायला कुणी तयार होईना, आणि भाऊसाहेबांना पोहता येत नव्हतं.

मी आक्कांना सुचवून पाहिलं. "तुम्हीच या की भोरला. मी गाडी करून आणतो."

"म्या कशाला यू?" त्या म्हणाल्या. "भाऊबीजेला भावानं यायचं आसतं. बहीण ताट घिऊन भावाच्या दारात गेली तर लोक म्हंत्याल, हिला घरदार न्हाई का काय."

हे मी भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तिचं. तसाच नियम आहे." अशा दोन दिवाळ्या गेल्या. आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हत्या. तिसऱ्या वर्षी पावसाळा लागायच्या आत एका सकाळी भाऊसाहेब माझ्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"चालक, मला जाता येत नाही. पण लाँचला जाता येईल."

"कुठली लाँच?"

"करायची."

मला वाटलं, म्हातारपणानं गाठलं. पण त्यांनी त्याच दिवशी अंगणात खडूनं आकार काढला. जुनी लाँच होती तशीच, दहा फुटाला एक फूट या मापानं. खिडक्या किती होत्या यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. पाठीमागचा बाक तुटका होता तो त्यांनी तुटकाच केला. आत 'कठड्यावर बसू नये' अशी पाटीही लावली, तांदळाएवढ्या अक्षरांत.

हे सगळं त्यांना जमत होतं असं कुणी समजू नये. हातात कसब अजिबात नव्हतं. आयुष्यभर टाचणी आणि शिक्का यापलीकडे अवजार धरलेलं नाही. हातोडी खिळ्यापेक्षा अंगठ्यावर जास्त बसायची. लाकडाची पहिली लाँच हौदात सोडली तर कुशीवर झोपली. मी हसलो. त्यांनी अंगठा तोंडात धरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्ज परत आला. त्रुटी दूर करू, फिरून दाखल करू." त्या वर्षात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढंपुढं ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचो.

दुसरी लाँच कामथडीला गाड्यांचे बंपर दुरुस्त करणारा एकजण होता, त्याच्याकडून फायबरची करून घेतली. साचा टेम्पोत घालून मी पुढं गेलो, हे सायकलवर मागून. टेम्पोवाला म्हणाला, "आजोबा, बसा की पुढं." हे म्हणाले, "कागद पुढं जाऊ दे, मी मागनं येतो." आमचा चहा होऊन गेल्यावर ते घामाघूम पोचले, छत्रीसकट. बंपरवाल्यानं साचा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "पाळणा कुणाचा म्हणायचा?"

"बहिणीचा," भाऊसाहेब म्हणाले. त्यानं साचा उचलून आत नेला.

सगळ्यांचं म्हणणं होतं, बॅटरीची मोटर टाका. हलकी, सोपी, पाण्याला घाबरत नाही. मीही तेच सांगितलं. त्यावर ते प्रथमच जरा चिडले. "तिला दिसत नाही, चालक. बॅटरीवर गेली तर तिला कळणार कसं? लाँचचा आवाज ती ओळखते. ऐकू आलं पाहिजे तिला."

म्हणून पेट्रोलचं इंजिन. भोरच्या बाजारातून त्यांनी गवत कापायचा कोरा कटर विकत आणला आणि दुकानाच्या पायरीवर बसूनच त्याची दांडी सोडवायला लागले. दुकानदार धावत आला. "भाऊसाहेब, वॉरंटी जाईल."

"जाऊ दे. गवत कापायचंच नाही."

म्हणजे इंजिन कोरं करकरीत होतं. भंगारातलं नव्हतं. हे मी स्वतः त्या पायरीवर उभा राहून बघितलेलं आहे.

इंजिन लाँचच्या पोटात बसवणं म्हणजे आमच्या घराच्या अंगणातला एक अख्खा पावसाळा. पहिल्यांदा त्यांनी ते दोन लाकडी पट्ट्यांवर घट्ट आवळलं. दोरी ओढून चालू केलं तर लाँच अशी थरथरली की खिडक्या गळून पडल्या आणि 'कठड्यावर बसू नये' ही पाटी हौदात तरंगायला लागली. मी टायरवाल्याकडून जाड रबराचे तुकडे आणून इंजिनाखाली घातले. थरथर कमी झाली. मग तापायला लागलं. कटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, आणि आम्ही ते बंद पेटीत कोंडलेलं. फायबर वितळल्याचा वास सुटला. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी तांब्याची बारीक नळी आणली, इंजिनाच्या डोक्याभोवती वेटोळी घातली, आणि मागच्या पंख्यानं ढकललेलं पाणी त्या नळीतून फिरून बाजूनं बाहेर पडेल असं केलं. पहिल्यांदा लाँचच्या कुशीतून ती पाण्याची पिचकारी उडाली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "ही खऱ्या लाँचलाही होती," म्हणाले. "मी विसरलो होतो."

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला दांड्यानं. इंजिन आणि मागचा पंखा यांना जोडणारा लोखंडी दांडा केसभरही वाकडा चालत नाही. वाकडा असला की मधला रबरी जोड कुरतडून टाकतो. भाऊसाहेब जमिनीवर पालथे पडून, एक डोळा मिटून, ओळंब्याच्या दोरीनं बघत बसायचे. "वरचा अधिकारी आणि खालचा अधिकारी," पुटपुटायचे, "एका रेषेत येत नाहीत." किती रबरं गेली त्याचा हिशेब नाही. एका दुपारी दांडा आवाज न करता फिरला, आणि ते पालथे पडलेलेच हलक्या आवाजात म्हणाले, "रुजू झालं." नंतर त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला.

काठावरून सुकाणू आणि वेग हलवायला खेळण्यातल्या विमानाचा रिमोट आणून जोडला. शेवटची अडचण वजनाची. इंजिनामुळं लाँचची मागची बाजू खाली बसायची आणि नाक वर. नाकात वजन टाकायला हवं होतं. मी वजनकाट्याचं माप दिलं. ते नको म्हणाले. "बहिणीकडे लोखंड पाठवायचं का?" नाकात गुळाची ढेप ठेवली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मधल्या भागात लुगड्याची घडी. लाँच सरळ झाली. सगळी ओवाळणीच तिच्या तोलाची निघाली याचं त्यांना फार समाधान वाटलं.

आता माझ्याकडे येतो.

कटरच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं. पूर्वीच्या स्कूटरला मिसळायचो तसं. ऑईल नसेल तर आतला पिस्टन घासून जागच्या जागी अडकतो. हे मला ठाऊक होतं. भाऊसाहेब ऑईल हात सैल सोडून घालत, कारण इंजिन नवं होतं. त्यानं धूर व्हायचा. आठवडाभर आधी काठावर चाचणी घेतली तेव्हा पोरं ओरडली, "धुराडं आलं, धुराडं." मला ते फार लागलं. मी सगळी उमर गाडी चालवली. धूर सोडणारी गाडी डेपोतून बाहेर काढायला मला लाज वाटायची. आणि गावात सगळीकडे झालं होतं की भाऊसाहेबांच्या लाँचचं इंजिन ड्रायव्हरनं बसवलंय.

भाऊबीजेच्या सकाळी बरीच माणसं जमली. टाकी भरायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी मिसळून दिलेली बाटली मी झुडपाआड नेली, बरीचशी ओतून टाकली, आणि मोटरसायकलमधून काढलेलं स्वच्छ पेट्रोल टाकीत भरलं. ऑईलचा वास येण्यापुरतंच राहिलं असेल. मनाशी म्हटलं, एवढ्याशा अंतराला काय होतंय. आक्कांच्या लुगड्याला धुराचा वास लागायला नको, असंही म्हटलं. पण ते नंतरचं कारण. खरं कारण काठावरची माणसं.

लाँच निघाली. धूर नाही. आवाज तर आदल्यापेक्षा खणखणीत. लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी म्हणालं, "ड्रायव्हरनं काम केलंय बरं का." मला बरं वाटलं. मग मधल्या पाण्यात तो आवाज झाला. तो काय आहे हे त्या सबंध गर्दीत दोघांनाच कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. छत्री मिटली आणि चालू लागले. माझ्याशेजारी मोबाईल धरलेला माणूस म्हणाला, "काय झालं हो ड्रायव्हर?" आणि मी ते बोललो, जे दर दिवाळीला ऐकू येतं.

एका भोयानं ट्यूबवरून जाऊन लाँच ओढून आणली. आत थेंबभर पाणी शिरलेलं नव्हतं. लुगडं कोरडं होतं, गूळ तसाच.

दुसऱ्या दिवशी ते अंगणात इंजिन उघडून बसले होते. वर्तमानपत्रावर पिस्टन ठेवलेला. त्यावर उभे ओरखडे, मांजरानं नखं मारावीत तसे. मी भाजीची पिशवी घेऊन बाजूनं निघालो. ते म्हणाले, "चालक."

मी थांबलो.

"तहकूब केलंय. रद्द नाही."

एवढंच. मी पिशवी घेऊन पुढं गेलो. सांगायचं होतं तर तीच वेळ होती.

तेव्हापासून त्यांनी छत्री उघडली नाही. मिटलेली, मनगटाला अडकवलेली. ऊन असो की काही असो. मुसळधार पावसात ते खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन दूध आणायला निघाले, मनगटाला छत्री लोंबतेय. लोक हसायचे. दुधवाला म्हणाला, "भाऊसाहेब, ती उघडा की." हे म्हणाले, "प्रकरण प्रलंबित आहे." मी खिडकीतून हे ऐकलं आणि खिडकी लावून घेतली. त्या वर्षी मी खोली सोडून दुसरीकडे जायचाही विचार केला होता.

पण ते मला सोडेनात. नवा पिस्टन आणला, बसवायला मला हाक मारली. नकार द्यायला तोंड नव्हतं. आम्ही दोघं फार न बोलता काम करत राहिलो. पावसाळ्यानंतर चाचण्या घेताना नवंच कळलं: रिमोटची पोच जेमतेम मधल्या पाण्यापर्यंत होती. पुढं हुकूम पोचत नाही, सुकाणू आहे तसंच राहतं. आदल्या वर्षी हे कळायची वेळच आली नव्हती. आपल्या बाजूला सगळा मऊ गाळ, लाँच कुठंही येऊन रुतली तरी चालेल. आक्कांच्या बाजूला खडक. तिथं काठाला लावायला रिमोट त्या काठावरच हवा.

"म्हणजे मी इथून सरळ सोडीन," ते म्हणाले, "आणि मधल्या पाण्यापासून तुम्ही घ्याल. रिमोट तुमच्याकडे."

"मी?"

"तुम्ही चालक आहात."

भाऊबीजेच्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी मला निरोप दिला. सकाळी लवकर वारा पडलेला असतो म्हणून तीच वेळ ठरवली होती. गावात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कुणी आलं नसतं. माझ्या पिशवीत त्यांनी रिमोट ठेवला, आणि दोन बाटल्या. एकीत साधं पेट्रोल, दुसरीत ऑईल. वेगवेगळ्या.

"परतीसाठी," म्हणाले. "तिथं मिसळून घ्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. मिसळूनच द्यायला त्यांना काय लागलं असतं. ते पिशवीचे बंद नीट बांधत होते.

"प्रमाण तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "नीट परत आली की छत्री उघडीन. तिकडून दिसेल तुम्हाला."

जीपनं वळसा घालून मी वाडीवर पोचलो तेव्हा आक्का काठावर येऊन बसल्या होत्या. नवं लुगडं नेसलेल्या, पुढ्यात ताट, आणि पाण्याला लागून एक पाट मांडलेला, त्याच्याभोवती रांगोळीची वेडीवाकडी रेघ.

"पाट कुणाला, आक्का?"

"भावाला. आनि कुनाला?" त्या म्हणाल्या. "आवाज झाला की सांगू नगंस. मला ऐकू येतंय."

ऐकू त्यांनाच आधी आलं. मला काही कळायच्या आत त्या ताठ झाल्या आणि डोळे मिटून मान एका बाजूला केली. मग मलाही आलं, बारीक फटफट. आणि मग दिसली. मागं निळसर धुराचा पट्टा सोडत, नाक जराही वर न करता, सरळ येत होती. तो धूर बघून माझा जीव भांड्यात पडला.

मधलं पाणी आलं. आदल्या वर्षी थांबली होती तो भाग मी डोळ्यांनी धरून ठेवला होता. ती तिथून पुढं आली. मी खटका दाबला, सुकाणू वळलं. खडक टाळून, वेग उतरवत, मी तिला पाटाजवळ आणलं. कटरच्या इंजिनाचा वेग उतरवला की पंखा थांबतो, इंजिन चालूच राहतं. मी बंद करायला वाकलो.

"चालू ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "बोलतोय तर बोलू दे त्याला."

मी लाँच उचलून पाटावर ठेवली. त्यांनी हातानं चाचपत तिचं नाक शोधलं, त्यावर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि निरांजन उचललं.

"आक्का, आत पेट्रोल आहे. जरा लांबून ओवाळा."

"एवढी वर्सं ववाळला, पेटला न्हाई," त्या म्हणाल्या, पण हात लांब धरला. ओवाळून झाल्यावर लाँचच्या कठड्यावरून बोटं फिरवत म्हणाल्या, "बाक मोडकाच ठिवलाय." आणि हसल्या. लुगडं काढून छातीशी धरलं. त्याला धुराचा वास येत होता. त्यांनी तो दोनदा हुंगला.

ताट लांब नेऊन ठेवल्यावर, इंजिन बंद करून मी परतीचं पेट्रोल मिसळायला बसलो. ऑईलची बाटली हातात घेतली आणि हात थांबला. आक्का शेजारीच होत्या.

"गेल्या साली बी ह्यातच चुकलं म्हनं," त्या म्हणाल्या. "त्यानं सांगावा धाडला व्हता. माज्याच हातनं त्याल कमी पडलं, म्हनून येता न्हाई आलं."

मी म्हणालो, "आक्का, त्यांच्या हातनं नाही. माझ्या. मी ओतून टाकलं होतं."

त्यांनी लुगड्याची घडी मांडीवर नीट केली. मग म्हणाल्या, "मंग आता नीट घाल की."

मी नीट घातलं. बाटली उन्हात धरून बघितली, हलवली, परत बघितली. गुळाच्या जागी आक्कांनी ओवाळणीचा नारळ ठेवला, भावाच्या हातात द्यायचा तो. नाक बरोबर पाण्याला लागलं. लुगड्याच्या जागी करंज्यांची पुरचुंडी. मी दोरी ओढली, सुकाणू सरळ केलं आणि सोडून दिली.

मधल्या पाण्यापर्यंत ती माझ्या हातात होती. पुढं नव्हती. मोबाईल माझ्या खिशात होता, पण काढायचं सुचलं नाही. तिथं रेंजही नसते. धुराचा पट्टा पातळ झाला, लाँच ठिपक्याएवढी झाली, मग दिसेना. आवाज तेवढा येत होता. मग आवाजही थांबला.

"पोचली का आडकली?" आक्कांनी विचारलं.

"दिसत नाही. नीट पोचली की छत्री उघडीन म्हणालेत."

"बघ की नीट. तुज्या डोळ्यास्नी काय झालंय?"

मी कपाळावर हात धरून बघत राहिलो. पलीकडच्या काठावर एक उभी बारीक काळी रेघ होती, इतकंच. ती खाली वाकली. गाळात बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मग रेघ सरळ झाली, आणि तिच्या डोक्यावर काळं काहीतरी गोल फुललं.

"उघडली का?" आक्का म्हणाल्या.

"उघडली."

त्यांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं आणि रिकामा पाट चाचपून माझ्याकडं सरकवला.

"मंग बस, डायवर. तुलाबी ववाळते. आदी त्यालाचं हात धुऊन ये."